जहाजावरचा शेवटचा दिवस: मुरगावला उतरताना

आम्ही वास्कोला राहतो. मुरगाव बंदर घरापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे क्रूझने गोव्याला येणारे सगळे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे व्याही मलाच फोन करतात. निघण्याआधीचा प्रश्न ठरलेला असतो: "कपडे कुठले घेऊ?" उतरल्यानंतरची तक्रारही ठरलेली: "तीन दिवस जावयासारखं ठेवलं आणि शेवटच्या सकाळी अक्षरशः हाकलून दिलं गं!"

हाकलत कुणी नाही. झालेलं असतं एवढंच, की ज्या खोलीत तुम्ही सकाळी चहा पीत असता तिथे त्याच संध्याकाळी दुसरं कुटुंब यायचं असतं. मधल्या काही तासांत शेकडो खोल्यांच्या चादरी बदलायच्या, न्हाणीघरं धुवायची, भाजीपाला आणि पाणी भरायचं. म्हणून जहाजाला तुमची खोली सकाळी लवकर हवी असते, बहुतेक ठिकाणी आठच्या सुमारास. हे ठाऊक असलं की राग निम्मा होतो. उरलेला निम्मा जायला हवा असेल तर शेवटचा दिवस आदल्या दुपारीच सुरू करा, चहाच्या वेळेला.

आधी तिकीट नीट वाचा. काही फेऱ्या मुंबईहून निघून मुरगावला संपतात. काहींमध्ये गोवा हा नुसता मधला थांबा असतो आणि जहाज परत मुंबईला जातं. थांबा असेल तर सामान खोलीतच राहू द्या, खोलीचं कार्ड आणि ओळखपत्र घेऊन फिरून या आणि दिलेल्या वेळेच्या तासभर आधी जहाजावर परत हजर व्हा, कारण उशीर करणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढचं सगळं मुरगावला उतरणाऱ्यांसाठी आहे. मुंबईला उतरणाऱ्यांनाही जहाजाच्या शिडीपर्यंतचं, पहाटेचा डेक सोडून, जसंच्या तसं लागू पडेल.

आदल्या दुपारची कामं

दुपारी खोलीत एक कागद आणि रंगीत टॅग येऊन पडतात. आम्ही स्वतः मुंबईहून जहाजाने आलो तेव्हा आमच्या अप्पांनी (माझे सासरे, मिरजेचे, वय ७४) तो कागद जाहिरात समजून चष्म्याच्या डबीखाली सारला होता. तसं करू नका. नाश्ता किती ते किती, खोली कधी सोडायची, तुमचा रंग किंवा गट कोणता आणि त्या गटाने कुठल्या हॉलमध्ये बसायचं, हे सगळं त्या कागदावर असतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग बिल. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं कार्ड हेच पाकीट असतं, आणि कार्ड पुढे केलं की खर्च हिशेबात चढतो. कॉफी, इंटरनेटचं पॅकेज, छोट्या फ्रिजमधली पाण्याची बाटली, मुलांनी खेळलेले खेळ, सगळं त्यात. छापील बिल आदल्या दुपारी चार-साडेचारला मागून घ्या. त्या वेळी काउंटरवर गर्दी नसते. आमच्या बिलात दोन सोडे लागले होते, जे आमच्यापैकी कुणीही प्यायलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटांत काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथलीच रांग जिन्यापर्यंत गेलेली मी पाहिली आणि त्या रांगेत सोड्यावरून भांडायला माझ्यात तरी दम नव्हता.

बिलात सर्व्हिस चार्ज किंवा टिप आधीच धरली आहे का, हेही बघा. बऱ्याच जहाजांवर ती माणशी, दर दिवसाची अशी आपोआप लागते. धरली असेल तर वर बक्षिसी द्यायलाच हवी असं नाही. खोली आवरणाऱ्या मुलाला द्यावीशी वाटली, आणि आम्हाला वाटली, तर शेवटच्या सकाळची वाट बघू नका. तेव्हा तो एकाच वेळी पंधरा खोल्यांत पळत असतो. आदल्या रात्री भेटला की हातात द्या.

पैशांबाबत आणखी एक. चढताना तुमच्या बँक कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवलेली असते. ती खर्च झालेली नसते, पण तुम्हाला वापरताही येत नाही. शेवटी खरं बिल वेगळं कापलं जातं आणि अडकलेली रक्कम नंतर सुटते. क्रेडिट कार्डात हे जाणवत नाही. डेबिट कार्डात मात्र खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला बँकेचे काही दिवस लागतात. दोनदा पैसे गेले असं वाटून त्याच सकाळी बँकेला फोन लावत बसू नका. रोख अनामत ठेवली असेल तर उरलेली रक्कम उतरण्याआधी काउंटरवरून परत घ्यायची, पावती दाखवून. ही रांग सगळ्यांत लांब असते.

आता अडकित्त्याची गोष्ट. मुंबईला चढताना सामान एक्स-रेमधून गेलं आणि अप्पांचा पितळी अडकित्ता सुरक्षारक्षकाने बाजूला काढला. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, एक्स्टेन्शन बोर्ड, सुरी, बाहेरच्या बाटल्या, अशा वस्तू जहाजावर नेऊ देत नाहीत. पावती देऊन ठेवून घेतात. अप्पांनी तीन दिवस अख्खी सुपारी चघळली आणि जहाजाच्या कप्तानापर्यंत सगळ्यांना नावं ठेवली. मुद्दा असा, की त्या वस्तू शेवटी आपोआप खोलीत येत नाहीत. त्या कुठे आणि कधी मिळणार हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि पावती पाकिटात ठेवा. अडकित्ता आम्हाला शिडीजवळच्या टेबलावर मिळाला, शंभरेक इस्त्र्यांच्या आणि बोर्डांच्या गर्दीत एकटाच.

घरात गुडघ्यांचं दुखणं असेल तर व्हीलचेअरही आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सकाळी मागितली तर मिळते, पण तोवर अर्धं जहाज उतरलेलं असतं. काढून घेतलेले फोटो आणि दुकानातली खरेदीही त्याच संध्याकाळी उरकून घ्या. जहाज किनाऱ्याजवळ आलं की दुकानं बंद होतात आणि सकाळी ती उघडत नाहीत.

रात्री: दाराबाहेरची बॅग

मोठ्या बॅगा टॅग लावून रात्री दाराबाहेर, पॅसेजमध्ये ठेवायच्या असतात. वेळ साधारण दहा ते बारा, जहाजागणिक वेगळी. रात्रभरात खलाशी त्या उचलून खाली नेतात आणि सकाळी त्या थेट बंदरावरच्या हॉलमध्ये, रंगाप्रमाणे मांडलेल्या दिसतात. सोय उत्तम आहे. फक्त एकदा बॅग दाराबाहेर गेली की मुरगावपर्यंत तिचं तोंड दिसत नाही.

आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, रात्री साडेदहाला स्वतःच्या हाताने बॅग भरली, कुलूप लावलं आणि समाधानाने झोपल्या. सकाळी आंघोळ करून तयार झाल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, माझ्या चपला कुठे दिसतात का बघ." चपला बॅगेत होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, अगदी तळाशी, नीटनेटक्या. नऊवारीखाली जहाजाच्या पांढऱ्या, टॉवेलच्या कापडाच्या सपाता घालून आई गोव्यात उतरल्या. बंदरावरून गाडीपर्यंत चालेस्तोवर त्या सपातांना आमच्या तांबड्या मातीने असा काही रंग चढवला की आता त्या आमच्या मोरीपाशी कायमच्या वस्तीला आल्या आहेत.

तेव्हा बॅग बंद करण्याआधी उद्याच्या सकाळी तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत काय घालणार, ते सगळं पलंगावर मांडा. वरून खाली. गजरा-पिना, चष्मा, कपडे, आतले कपडे, पट्टा, चपला. मांडून झालं की मगच बॅगेची चेन ओढा. हातातल्या पिशवीत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, कवळीची डबी, ब्रश, चार्जर, आधार कार्ड किंवा पासपोर्ट, पुढचं तिकीट, पैसे, दागिने, घराच्या किल्ल्या. घराच्या किल्ल्या खास लिहिल्या, कारण मोठी बॅग दुसऱ्या कुणी चुकून नेलीच तर निदान घरात तरी शिरता येईल. रात्रीचे कपडे आणि ओला टॉवेल कोंबायला एक रिकामी पिशवीही जवळ हवी.

बॅग अदलाबदल होण्याचं प्रमाण काही कमी नसतं, कारण सगळ्यांच्याच बॅगा काळ्या. हँडलला जुन्या साडीचा काठ बांधा. सॅटिनची लाल रिबीन नको, ती चारशे लोकांनी बांधलेली असते. गेल्या सफरीचे किंवा विमानाचे जुने टॅग फाडून टाका, नाहीतर बॅग भलत्याच ढिगात जाते.

आणि हे सगळं नकोच असेल तर? सामान थोडं असेल तर स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत पहिल्यांदा उतरायची मुभा बहुतेक जहाजं देतात. तरुण जोडप्यांनी हेच करावं. पण सकाळी लिफ्टसमोर जत्रा असते आणि बॅगा घेऊन सात मजले जिन्याने उतरायला लागू शकतात. आई-अप्पांबरोबर मी हे केलं नाही, करणारही नाही.

पहाट, डावीकडच्या डेकवर

इतक्या कामांनंतर लोक जे चुकवतात ते हे. मुंबई ते मुरगाव अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे आणि सबंध वाटेत कोकणचा किनारा जहाजाच्या डाव्या हाताला असतो. हिवाळ्यात सातच्या आगेमागे उजाडतं, आणि सूर्य त्याच बाजूला, सह्याद्रीच्या मागून वर येतो. साडेसहाला शाल घेऊन डावीकडच्या डेकवर जा. आधी आग्वादचा किल्ला येतो. पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये बांधलेला, आणि समुद्रातून तो जमिनीवरून दिसतो त्याहून ठेंगणा दिसतो. मग मांडवीचं मुख, मग काबोच्या टोकावरचं राजभवन आणि दोना पावला. इथून जहाज आत वळतं तेव्हा धावत उजवीकडे या. सड्याचं पठार आणि मुरगावचं टोक त्या बाजूला आहे, आणि त्याच्या आडोशाला बंदर. लाटा अडवणाऱ्या बांधाच्या आत शिरलं की पायाखालचं हलणं एकदम थांबतं. ते इतकं अचानक होतं की तोल जातो.

वळण्याच्या आधी एक छोटी होडी जहाजाच्या अंगाला येऊन चिकटते आणि एक माणूस दोरीच्या शिडीवरून चढून वर येतो. तो बंदराचा पायलट. कप्तान कितीही अनुभवी असला तरी इथलं पाणी कुठे किती खोल, प्रवाह कसा, हे याला माहीत, म्हणून जहाज आत न्यायचं ते त्याच्या सांगण्यावरून. माझ्या मुलाला हे फार मजेशीर वाटलं, कारण गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाडं नेणारा. "आई, याची बाइक कुठंय?" असं तो मोठ्याने विचारत होता.

अप्पा कठड्याला धरून गप्प उभे होते. मग म्हणाले, "आम्ही 'कोकण सेवक'ने यायचो तेव्हा बोट पणजीला लागायची." ती मुंबई-पणजी बोट १९८० च्या दशकापर्यंत होती. डेकवर सतरंजी टाकून झोपायचं आणि सकाळी उलट्या करणाऱ्यांच्या मधून वाट काढत उतरायचं. तिथे खोली सोडायला कुणी सांगत नसे, कारण खोलीच नसे.

नाश्ता ते शिडी

शेवटच्या सकाळी बुफेत सगळं जहाज एकदम येतं. आठला जाऊ नका. डेकवरून परस्पर, पहिल्या पंगतीला बसा आणि हलकं खा. ज्यांना बोट लागते त्यांनी तर इडली-चहावरच थांबावं. खरा नाश्ता वास्कोच्या बाजारात: गरम पाव आणि पातळ भाजी. त्यासाठी पोटात जागा ठेवा.

खोली सोडताना तिजोरी उघडून आत हात फिरवा, नुसतं बघू नका. कानातलं कोपऱ्यात जातं. मग न्हाणीघराच्या दारामागचं हुक, पलंगाजवळचा सॉकेट, उशीखाली आणि पडद्याआडची खिडकीची कड. कार्ड मात्र टाकू नका, शिडीवर ते शेवटचं एकदा मशीनला लावायचं असतं. तुम्ही उतरलात याची तीच नोंद.

त्यानंतर फक्त बसायचं. जहाज धक्क्याला लागलं म्हणजे लगेच दार उघडतं असं नाही. दोर बांधायचे, शिडी लावायची, कागदपत्रांची तपासणी व्हायची आणि बॅगा आधी खाली उतरायच्या. लोक शिडीच्या दाराशी तासभर ताटकळत उभे राहतात आणि नंतर हॉलमध्ये बॅग न आल्यामुळे पुन्हा उभे राहतात. तुमच्या गटाचा पुकारा होईपर्यंत खुर्ची सोडू नका. शिडीचा उतार रोज सारखा नसतो. मुरगावला भरती-ओहोटीत पाणी दोन मीटरपर्यंत वर-खाली होतं आणि त्याबरोबर जहाजही, त्यामुळे कधी शिडी सपाट, तर कधी चांगलीच तिरकी. आजी-आजोबांना दोन्ही हात मोकळे ठेवून उतरू द्या, त्यांची पिशवी तुम्ही घ्या.

फाटकाबाहेर

बंदर हा सुरक्षित भाग आहे. न्यायला आलेली माणसं जहाजापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांना फाटकाबाहेरच थांबायला सांगा. "जहाज सातला येतं" असं पुण्याच्या मावशींनी सांगितल्यामुळे मी एकदा पावणेसातपासून तिथे उभी होते. त्या दहाला बाहेर आल्या. घरच्यांना जहाजाची वेळ सांगू नका, तुमच्या गटाचा पुकारा झाला की फोन करा.

पुढचं तिकीट काढताना हाच हिशेब धरा. दुपारी एकच्या आधीचं विमान मी तरी घेणार नाही. आणि विमानतळ कोणता ते बघा, कारण गोव्यात दोन आहेत. दाबोळी, बंदरापासून दहा किलोमीटरच्या आत. मोपा पेडणे तालुक्यात, राज्याच्या पार उत्तर टोकाला. तो जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि मुरगावहून तिथे जायला दोन तास हाताशी ठेवावेत. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. हे न बघता दाबोळीच्या दारात पोचलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत.

रेल्वेने जायचं तर कोकण रेल्वेच्या गाड्यांसाठी मडगाव गाठा, साधारण ३० किलोमीटर. मांडवी एक्सप्रेस सकाळीच सुटते, ती विसरा. जनशताब्दी दुपारची, कोकणकन्या संध्याकाळची. बेळगाव, मिरज, पुण्याकडच्यांनी मात्र मडगावला जायचं कारण नाही, गोवा एक्सप्रेस वास्कोहूनच सुटते. पणजीसाठी वास्कोहून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, थेट बस आहे. तिचं तिकीट खिडकीवर घेऊन मगच बसमध्ये चढायचं. टॅक्सी केलीत तर बॅग डिकीत टाकण्याआधी भाडं ठरवा.

काजू फेणी नेणार असाल तर विमानात ती चेक-इन बॅगेतच जाते. २४ ते ७० टक्के अल्कोहोलची, सीलबंद, माणशी पाच लिटरपर्यंत चालते आणि फेणी त्यात बसते. रस्त्याने महाराष्ट्रात जाणार असाल तर परवाना घ्या. बांद्याच्या पुढे इन्सुलीला गाड्या उघडून बघतात.

अंगातली बोट

आपण बोटीतून उतरतो, पण बोट अंगातून लगेच उतरत नाही. तीन दिवस मेंदूने हलत्या जमिनीशी जुळवून घेतलेलं असतं, आता स्थिर जमीनच हलल्यासारखी वाटते. डोळे मिटून तोंडावर साबण लावला की जास्तच. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं. त्याहून फार लांबलं तर डॉक्टरांना दाखवा. पण त्या दिवशी भाड्याची स्कूटर घेऊ नका, एवढं माझं ऐका. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या त्या स्कूटरी उतरल्या उतरल्या खुणावतात, आणि दाबोळीच्या उतारावर गरगरलं तर सावरायला जागा नाही. दुपार रिकामी ठेवा, पाणी प्या, झोपा.

आई घरी आल्या, सपाता मोरीपाशी काढल्या आणि जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. "अगं, तुमचा जिना पूर्वीपासून हलतो का?" मी म्हटलं, "नाही हो आई, बसा जरा." अप्पा तोवर झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.